खुर्ची रिकामी, स्क्रीन उघडी

रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडला की मुरुडचा रस्ता साळाव, कोर्लई, बोर्ली करत समुद्राच्या कडेने काशीदला येतो. एका बाजूला सुरूची झाडं आणि पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला फणसाडचं जंगल. शनिवारी दुपारी मुंबई-पुण्याच्या गाड्या एकामागून एक येऊ लागतात आणि इथल्या घरगुती लॉजमधल्या माणसाचे दोन हात कमी पडतात. चेक-इन तोच घेतो, गाडी मागे घ्यायला तोच बाहेर धावतो, रात्रीला पापलेट किती आणि सुरमई किती हे तोच स्वयंपाकघरात सांगून येतो. वरच्या खोलीतून हाक येते, ‘दादा, एसी चालत नाहीये’, की तोच जिना चढतो. तेवढा वेळ काउंटरमागची खुर्ची रिकामी असते आणि कॉम्प्युटर मात्र सगळं उघडं टाकून बसलेला असतो.

त्यावर काय दिसतं? व्हॉट्सअ‍ॅप वेबवर पाहुण्यांनी पाठवलेले आधारचे फोटो, पुढून-मागून. शेजारच्या खिडकीत बुकिंगचा तक्ता : नाव, मोबाईल, किती जण, अ‍ॅडव्हान्स किती आला. आणि खोली नंबर. माझ्या मते या साऱ्यात सर्वांत नाजूक माहिती खोली नंबरचीच आहे, आधारची नव्हे. आधार क्रमांकाचा गैरवापर करायला काहीतरी खटपट करावी लागते. एकटी उतरलेली मुलगी पहिल्या मजल्यावर १०३ मध्ये आहे, हे कळल्यावर कसलीच खटपट लागत नाही. काशीदला येणारी गर्दी त्याच दोन शहरांतून येते. ऑफिसातला सहकारी, सोसायटीतला शेजारी, लांबचा मेहुणा, कोणीही काउंटरवर टेकून उभा असू शकतो. कोण कोणाबरोबर आलंय हे त्याला कळण्याचं काही कारण नाही.

बँका आणि रुग्णालयं या प्रश्नाशी गेली तीसेक वर्षं झगडत आहेत. तो लॉजच्या काउंटरवर आला तो गेल्या दहा-बारा वर्षांत, स्वस्त कॉम्प्युटर आणि ऑनलाइन बुकिंग यांच्यासोबत. म्हणून या प्रकरणात आपण संगणक सुरक्षेचा एक छोटा पण हट्टी प्रश्न काशीदच्या काउंटरवर ठेवून पाहणार आहोत : माणूस उठून गेला हे यंत्राला कसं कळावं आणि कळल्यावर त्याने काय झाकावं?

आधी एवढी माहिती गोळाच का होते ते पाहू. उतारूंची नोंद ठेवण्याची सक्ती नवी नाही. १८६७ च्या सराई कायद्यात सराई चालवणाऱ्याने स्वतःची नोंदणी करावी आणि मॅजिस्ट्रेटने मागितल्यास कोण उतरलं याचा लेखी अहवाल द्यावा, अशी तरतूद होती. रायगडच्या किनाऱ्यावर त्या नोंदीला आणखी धार आली. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं याच जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला उतरली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला शस्त्रं असलेली बेवारस बोट लागली, तेव्हा पुन्हा सगळा किनारा तपासला गेला. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं. पोलिसांना रजिस्टर हवं असतं, त्यामुळे ओळखपत्र मागणं मालकाच्या मर्जीचं नाही. प्रश्न सुरू होतो तो ओळखपत्र पाहून झाल्यावर.

आधारच्या बाबतीत तर सरकारचंच एकदा तळ्यात-मळ्यात झालं. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयाने पत्रक काढलं : आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, हॉटेल आणि सिनेमागृहं यांसारख्या परवाना नसलेल्या खासगी आस्थापनांना आधारची प्रत घेण्याचा किंवा ठेवण्याचा अधिकार नाही, शेवटचे चारच अंक दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. दोन दिवसांत, २९ मे रोजी, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतलं. पत्रक गेलं, पण त्यातला सल्ला शहाणपणाचाच होता. मास्क्ड आधार आजही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. बारांपैकी आठ अंक आधीच झाकलेले असल्यामुळे स्क्रीन उघडी राहिली तरी तेवढं नुकसान टळतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम आता समोर आहेत. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी नियमांत १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती चोरीला जाणं तर या कायद्यात येतंच, पण माहिती चुकून उघड होणं हासुद्धा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘भंग’ आहे. काउंटरवर टेकलेल्या माणसाने बुकिंगचा तक्ता वाचला, तर कोणीही काहीही हॅक केलेलं नसताना भंग झालेला असतो. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आठ खोल्यांच्या लॉजला एवढा दंड कोणी करणार नाही, हे उघड आहे. पण नियमांत सुरक्षेचे जे उपाय सांगितले आहेत, त्यात माहिती मास्क करणं आणि ती कोण पाहू शकतो यावर नियंत्रण ठेवणं हे दोन्ही आहेत, आणि ते लहान धंद्यालाही करता येण्याजोगे आहेत.

आता यंत्राकडे वळू. स्क्रीन आपोआप झाकण्याची कल्पना गोपनीयतेतून आलीच नाही, काच वाचवण्यातून आली. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की आतला फॉस्फरचा थर तिथे झिजायचा आणि बंद मॉनिटरवरही अक्षरांची भुतं दिसायची. १९८३ च्या डिसेंबरमध्ये जॉन सोचा या प्रोग्रॅमरने ‘सॉफ्टटॉक’ मासिकात एक छोटा प्रोग्रॅम छापला. काही वेळ कोणी कळ दाबली नाही की तो स्क्रीन काळी करायचा. हाच स्क्रीन सेव्हरचा आरंभ. पुढे त्यात उडणारे टोस्टर, पोहणारे मासे आले, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की परत येताना पासवर्ड मागितला तर हे कुलूपही होऊ शकतं. अजूनही विंडोजमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्क्रीन सेव्हरच्या सेटिंगमध्ये ‘ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन’ अशी एक चौकट असते. ती टिक केलेली नसेल तर मासे पोहत राहतात आणि माऊसला धक्का लागताच आधार कार्डं परत दिसतात. पुष्कळ ऑफिसांत ती टिक नसते.

या कुलपाचा मेंदू म्हणजे एक साधं घड्याळ. शेवटची कळ कधी दाबली, माऊस शेवटचा कधी हलला, याची वेळ ऑपरेटिंग सिस्टीम जवळ ठेवते. ठरलेला अवधी उलटला की लॉक करते. चालू असलेलं काम बंद होत नाही, अर्धं भरलेलं बिल तसंच राहतं. फक्त त्याच्यावर एक वेगळी स्क्रीन येते आणि तिच्यापलीकडे साधा प्रोग्रॅम जाऊ शकत नाही. सगळं ठीक, पण घड्याळाला माणूस दिसत नाही, फक्त बोटं कळतात. त्यामुळे ते दोन्हीकडून चुकतं. मालक खुर्चीत बसून पाहुण्याशी बोलत असला तरी त्याच्या तोंडावर स्क्रीन बंद होते. उलट तो शेवटची कळ दाबून पार्किंगकडे धावला, तर ठरलेला पूर्ण वेळ स्क्रीन उघडी राहते. कार्ड व्यवहारांसाठीचं जे जागतिक मानक आहे, पीसीआय डीएसएस, त्यात ही मर्यादा १५ मिनिटांची आहे. दार बंद असलेल्या ऑफिसात १५ मिनिटं चालतील. पाहुण्यांच्या हाताच्या अंतरावर असलेल्या काउंटरवर १५ मिनिटांत रजिस्टरचा फोटो काढून, चहा पिऊन, गाडीत बसूनही होतं.

अवधी कमी केला तर? दोन मिनिटं, एक मिनिट? इथेच या विषयातली खरी गोष्ट सुरू होते, आणि ती सांगायला अमेरिकेतल्या रुग्णालयांत जावं लागेल. तिथे रुग्णांच्या माहितीच्या कायद्यानुसार आपोआप लॉग-ऑफ ही अपेक्षा आहे. किती वेळाने, हे कायदा सांगत नाही, ज्याने त्याने ठरवायचं. रुग्णालयांनी वेळ कमी ठेवला, काहींनी कॉम्प्युटरला सेन्सर बसवले : समोरचा माणूस दूर गेला की लॉक. २०१५ मध्ये रॉस कोपेल, शॉन स्मिथ, जिम ब्लाइथ आणि विजय कोठारी यांनी डॉक्टर-नर्स या कुलपांशी प्रत्यक्ष कसं वागतात याचा अभ्यास मांडला. त्यांना काय आढळलं? लोकांनी सेन्सरवर थर्माकोलचे पेले पालथे घातले होते. सेन्सरला वाटत राहायचं की कोणीतरी समोर आहेच. एका ठिकाणी वैद्यकीय चमूतल्या सर्वांत कनिष्ठ माणसाकडे काम होतं ते सगळ्यांच्या कीबोर्डवरचा स्पेस बार अधूनमधून दाबत राहण्याचं, म्हणजे कोणाचंच लॉक होणार नाही.

हसू येतं, पण ते डॉक्टर मूर्ख नव्हते आणि बेफिकीरही नव्हते. पेशंटजवळ जायचं, परत यायचं, पासवर्ड टाकायचा, फाईल पुन्हा शोधायची, दर चार पावलांवर हेच. ज्याचं काम चालत चालत होतं त्याच्यावर खुर्चीत बसून काम करणाऱ्याचं कुलूप लादलं होतं. कुलूप कामाच्या आड आलं की माणूस काम निवडतो, आणि बहुधा ते बरोबरच असतं. काशीदच्या मालकाचं कामही असंच चालत चालत होतं. त्याच्या कॉम्प्युटरला एक मिनिटाचं लॉक आणि बारा अक्षरांचा पासवर्ड लावला तर दुसऱ्याच शनिवारी त्याचा भाचा सेटिंगमध्ये जाऊन ‘नेव्हर’ निवडेल. किंवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवेल. लॉक किती लवकर लागतं यापेक्षा ते किती सहज उघडतं यावर सगळं अवलंबून आहे. बोटाचा ठसा किंवा चार अंकी पिन एका सेकंदात चालत असेल तर एक मिनिटाचं लॉक कोणाला बोचत नाही.

माणूस गेलाय हे नेमकं ओळखण्याचे प्रयत्नही बरेच झाले. मिशिगन विद्यापीठातल्या मार्क कॉर्नर आणि ब्रायन नोबल यांनी २००२ मध्ये एक कल्पना मांडली : मनगटावर किंवा खिशात एक छोटं यंत्र बाळगायचं. ते जवळ असेपर्यंत लॅपटॉपमधल्या फाइली उघड्या, लांब गेलं की बंद. माणसाने काहीच करायचं नाही. पुढे डार्टमथ कॉलेजातल्या संशोधकांनी हातातल्या कड्याची हालचाल आणि कीबोर्डवरची टाइपिंग जुळते का ते पाहणारी पद्धत २०१४ मध्ये सुचवली. दोनच वर्षांत दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की समोरच्याच्या हातांची नक्कल करून तिला फसवता येतं. बाजारात जे टिकलं ते साधं होतं. २०१७ पासून विंडोज १० मध्ये ‘डायनॅमिक लॉक’ आहे : फोन ब्लूटूथने जोडायचा, फोन दूर गेला की मिनिटभरात लॉक.

आता हे काशीदला लावून बघू. लॉजचं स्वयंपाकघर काउंटरच्या मागच्याच भिंतीपलीकडे असतं. ब्लूटूथ ती भिंत सहज ओलांडतं. मालक पापलेटचा हिशोब करायला आत गेला तरी कॉम्प्युटरच्या मते तो जागेवरच आहे. आणि शनिवारी दिवसभर फोन वाजत असल्याने दुपारी त्याची बॅटरी संपते, तो काउंटरवरच चार्जिंगला लागतो. मग मालक किनाऱ्यावर घोडागाडीवाल्याशी बोलत उभा असला तरी लॉक लागणार नाही. फोन म्हणजे माणूस, हे गृहीत धरूनच ही सोय बनली. मुंबईच्या ऑफिसात ते बऱ्यापैकी खरं आहे, काउंटरवर नाही. नव्या महागड्या लॅपटॉपमध्ये समोर माणूस आहे का ते ओळखणारा सेन्सर असतो. डेलने २०१९ मध्ये लॅटिट्यूड ७४०० मध्ये तो आणला आणि विंडोज ११ मध्ये आता तशी सेटिंगही आहे. पण काउंटरवर समोर कोणीतरी असतंच. तो पाहुणा आहे की मालक, हे साध्या सेन्सरला कळत नाही.

किनाऱ्यावरचं सर्वांत भरवशाचं स्वयंचलित लॉक म्हणजे वीज जाणं. डेस्कटॉप कॉम्प्युटर यूपीएसशिवाय असेल आणि त्याला पासवर्ड ठेवलेला असेल, तर परत सुरू होताना तो मागतोच. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. त्या काळात कोणाची स्क्रीन कोणी वाचली नसणार.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कुलपांवर जरा जास्तच भरवसा बसेल. अलिबागच्या उत्तरेला किहीममध्ये हिरेव्यापारी नीरव मोदीचा बंगला होता. किनारा नियमांचं उल्लंघन म्हणून तो रायगड जिल्हा प्रशासनाने ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडला. मोदीचं नाव ज्या प्रकरणात आलं, तो पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आला. मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून परदेशी बँकांना हमीचे संदेश जात होते आणि त्यांची नोंद बँकेच्या मुख्य प्रणालीत होत नव्हती, कारण संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा तिला जोडलेलीच नव्हती. बँकेतले पासवर्ड बाहेरच्यांच्या हाती दिले गेले, असाही आरोप तपासात पुढे आला. जिथे आतलाच माणूस दार उघडून देतो, तिथे एक मिनिटाचं लॉक असो की पंधरा मिनिटांचं, काही फरक पडत नाही. स्वयंचलित लॉक विसराळूपणावरचा उपाय आहे. लबाडीवर त्याचा उपयोग नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

म्हणून मला लॉकपेक्षा त्याच्या आधीची पायरी महत्त्वाची वाटते : स्क्रीनवर मुळातच कमी दिसावं. बँकेचं अ‍ॅप फोनवर उघडून तुम्ही दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलात आणि ‘रीसेंट’ची यादी पाहिलीत, तर बऱ्याचदा बँकेच्या जागी कोरा चौकोन दिसतो. अ‍ॅप बनवणाऱ्याने फोनला आधीच सांगून ठेवलेलं असतं की माझी छबी दाखवायची नाही. तिथे कोणी उठून गेलं का, याचा विचारच करावा लागत नाही. लॉजच्या बुकिंग सॉफ्टवेअरलाही हे जमतं. रोजच्या तक्त्यात आडनाव आणि किती जण एवढंच, मोबाईलचे शेवटचे चार अंक, खोली नंबर क्लिक केल्यावरच. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे नसेल तर विकणाऱ्याकडे मागा. एक्सेलचा तक्ता असेल तर खोली नंबरचा स्तंभ वेगळ्या शीटवर नेला तरी पुष्कळ झालं. आधारच्या फोटोंचं तर असं आहे की तपासून, नोंद करून झाल्यावर ते व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहण्याचं कारणच नाही. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये मागच्या दिवाळीपासूनचे पाहुणे अजून मुक्कामाला असतात.

एकाच ‘अ‍ॅडमिन’ नावाने मालक, भाचा आणि रात्रपाळीचा मुलगा असे तिघेही बसतात, तेही बदलायला हवं. तिघांची तीन खाती केली तर लॉक उघडताना कोण बसलंय ते कळतं आणि रात्रपाळीच्या मुलाला महिन्याचा हिशोब दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेबला स्वतःचं वेगळं अ‍ॅप लॉक आहे, प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये. ते एका मिनिटावर ठेवता येतं आणि कॉम्प्युटर उघडा असला तरी चॅट झाकलेले राहतात. फोनच्या लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा, नाहीतर काउंटरवर चार्जिंगला लावलेला फोन ओटीपी सर्वांना वाचून दाखवतो.

आणि दोन गोष्टी कॉम्प्युटरच्या बाहेरच्या. काउंटरच्या वर बसवलेला सीसीटीव्ही बऱ्याचदा थेट मॉनिटरकडे तोंड करून असतो. म्हणजे लॉक लागायच्या आधीचं सगळं त्याच्या हार्ड डिस्कवर महिनाभर साठतं. कॅमेरा दोन बोटं वळवायला शिडी आणि पाच मिनिटं लागतात. दुसरी गोष्ट, ते जाडजूड रजिस्टर. पाहुणा आपलं नाव लिहिता लिहिता वरच्या दहा ओळी वाचतो : नाव, पत्ता, मोबाईल, कुठून आलात, कुठे जाणार. त्या रजिस्टरला कसलंच लॉक नाही. बँकेसारखं सॉफ्टवेअर घेऊन हे रजिस्टर काउंटरवर पसरून ठेवलं तर सगळा खर्च वाया. पोलिसांना रजिस्टर दाखवायचं आहे, पुढच्या पाहुण्याला नाही. वरच्या ओळी झाकणारा पुठ्ठा ठेवा, किंवा नोंद स्वतः करून फक्त सही घ्या.

पाहुणा म्हणून तुम्ही काशीदला जात असाल तर आधारची मास्क्ड प्रत आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. आणि काउंटरवर कोणी नसताना स्क्रीन उघडी दिसली, तर मालक आल्यावर त्याला सांगा : विंडोजची कळ आणि ‘एल’ एकत्र दाबली की लॉक लागतं, २००१ च्या विंडोज एक्सपीपासून लागतं, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.